सत्त्याऐंशी ग्रॅम

पहिल्या दिवशी काट्यावर सत्त्याऐंशी.
बेपोच्या बुटांना मिर्ना नदीकाठचा गाळ,
पायांत दुलिया, तिचं नाक अजून जंगलातच.
भाव त्याला पटला नाही.
"रविवारी त्रिएस्तेहून माणूस येतोय.
तोवर राहू दे तुझ्या फ्रिजमध्ये, नेविया."
मी म्हटलं, राहू दे,
पण ही वस्तू कुणासाठी थांबत नाही.
तो हसला. त्याला वाटलं, मी भाव पाडतेय.

माती ब्रशने झाडली. धुतलं नाही.
कागदी रुमालात गुंडाळून बरणीत ठेवलं,
झाकण एक आटा सैल.
तीन अंश.
वहीत तारीख, वजन, आणि एक रकाना
ज्याला माझ्या सासूने नाव दिलं होतं: "शेरा".

आत वस्ती आहे. कापलंत तर दिसतात फक्त
पांढऱ्या शिरा, संगमरवरात असतात तशा;
राहणारे दिसत नाहीत.
ओकच्या मुळाशी, काळोखात, हे वाढत होतं
तेव्हाच ते आत शिरले, चिमटीभर गरात कोट्यवधी,
आणि ज्या वासासाठी लोक पाकीट उघडतात
(लसूण, मध, शेगडीची किंचित गळती)
त्यात बराचसा हात त्यांचा.
बेपो म्हणतो, ट्रफलचा वास.
म्हणू दे.
घराला वास येतो तोही काही भिंतींचा नसतो.

चौऱ्याऐंशी. रुमाल बदलला.
ब्याऐंशी. बरणी उघडली तर
पोस्टमन दारातच थांबला, पत्र द्यायचं विसरला.
त्याच क्षणी विकायला हवं होतं.
मी फोन केला. बेपो जंगलात होता,
किंवा उचलायचा नव्हता.

रविवारी त्रिएस्तेच्या माणसाचा निरोप:
धुकं आहे, बुधवारी बघू.

सोमवारी अंगठ्याला कळलं.
नाकाला नेहमी उशिरा कळतं, वहीला त्याहून उशिरा.
एका बाजूला मसुराएवढा ठिपका,
दाबला की दबतो, परत वर येत नाही.
मंगळवारी तो बुळबुळीत.
कागद चिकटला, निघताना थोडी साल घेऊन गेला.
वासात मध नव्हता आता,
ओले मोजे होते, आणि मागे कुठेतरी
न्हाव्याच्या दुकानातली ती डोळ्यांत जाणारी बाटली.

बाहेरून कुणी आलं नव्हतं.
तेच भाडेकरू.
थंडी ज्यांना मानवली ते वाढत गेले,
बाकीचे गप्प झाले, एवढंच.
मीच त्यांना तीन अंश दिले होते,
आठ रात्री, न चुकता.

बुधवारी बेपो आला. एकाहत्तर.
त्याने हुंगलं. काही बोलला नाही.
मग तळहातावर घेऊन वर-खाली केलं,
जणू काटा खोटं बोलतोय.
"मारिचा म्हणायची," तो म्हणाला,
"तू प्रत्येक गोष्ट एक दिवस जास्त ठेवतोस."
मारिचाला जाऊन चार वर्षं झाली.
तिचा कोट अजून त्याच्या खुंटीवर आहे,
हे साऱ्या बुझेतला ठाऊक, म्हणून मी काट्याकडे बघितलं.

दुलियाने मात्र पुढचे दोन्ही पाय
काउंटरवर टाकले.
अंगभर तीच थरथर, पहाटे ओकखाली होते ती;
शेपटी इतकी जोरात की वजनं वाजली.
तिच्या लेखी काहीच बिघडलं नव्हतं.
उलट, आता कुठे ते मोठ्याने बोलत होतं:
या, मला फोडा, खा, कुठेतरी लांब नेऊन टाका.
आम्हीच त्याला अर्ध्या वाक्यात
थांबवून ठेवत होतो, बरणीत,
आणि त्या अर्ध्या वाक्याचा भाव करत होतो.

बेपोने ते कागदासकट खिशात घातलं.
"परत नेतो," म्हणाला. कुठे, ते सांगितलं नाही.
कुत्री त्याच्या खिशाला नाक लावून चालत गेली,
पूल ओलांडेपर्यंत दिसली.

बरणी दोनदा सोड्याने धुतली. वास गेला नाही.
वहीत एकाहत्तर लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात "खराब" लिहिणार होते,
"ख" काढलाही होता.
तो तसाच आहे.